नळी फुगली नव्हती

तळं वाचवायला निघालेल्या आमच्या समितीने काढलेल्या पत्रकात अण्णांचा उल्लेख ‘एक अज्ञात ड्रोनचालक’ असा आहे. तीन शब्दांपैकी ‘एक’ तेवढा खरा. अज्ञात ते नव्हते. त्यांचं नाव, पत्ता आणि फोन नंबर त्यांच्या विमानाच्या पंखावर लाल रंगात रंगवलेला होता, वाचता येणाऱ्या कुणालाही वाचता येईल असा. आणि ड्रोन त्यांनी जन्मात उडवला नाही. ड्रोनला ते ‘उडता मिक्सर’ म्हणायचे.

पत्रकं लिहिणं हे माझंच काम. कॉलेजात असल्यापासून लिहितेय. कुठला शब्द कशासाठी येतो ते मला कळतं. माणूस चांगला ओळखीचा असला आणि ओळख नको झाली की ‘अज्ञात’ हा शब्द येतो. ते पत्रक लिहायला मी नकार दिला, म्हणून ते दुसऱ्याने लिहिलं. माझ्या वाटणीचं मी इथे लिहिते.

अण्णा माझे घरमालक. यशवंतपूरला बाजाराच्या मागच्या गल्लीत त्यांचं घर. वर मी भाड्याने, खाली अण्णा आणि अक्का, आणि गाडी ठेवायच्या जागेत अण्णांचं वर्कशॉप. पहाटे कांद्याचे ट्रक आणि नाश्त्यानंतर अण्णांची इंजिनं, असे त्या घराला दोन आवाज. ते इथले, कानडी मुलखातले, जुने मराठी. पूर्वज कुठल्याशा फौजेबरोबर आले आणि परत जायचे राहिले. मी निपाणीची. पहिल्याच दिवशी माझं बोलणं ऐकून म्हणाले, “तुझ्या मराठीला तंबाखूचा वास येतो गे, पुट्टी.”

“आणि तुमच्या मराठीला पेट्रोलचा,” मी म्हटलं.

ते एकदम खूश झाले. “पेट्रोलचाच अल्वा? एरंडेलाचा नाही ना?” असं पुन्हा विचारून त्यांनी खात्री करून घेतली. पुट्टी म्हणजे कानडीत लहान पोरगी, अल्वा म्हणजे ‘हो ना’. ते रागावले की मी ‘मॅडम’ व्हायची.

एरंडेलाचं काय ते मला नंतर कळलं. रेडिओवर उडवायच्या छोट्या विमानांची इंजिनं मुठीत मावतात, आणि मुळात ती पेट्रोलवर चालत नाहीत. मिथेनॉलमध्ये एरंडेल मिसळून त्यांचं इंधन करतात. डोक्यात ठिणगीचा प्लग नसतो, बारीक तारेचा एक ग्लो प्लग असतो. सुरू करताना बॅटरी लावून ती तार लाल करायची, इंजिनाने धरलं की बॅटरी काढून घ्यायची. पुढे ती तार इंजिनाच्याच उष्णतेवर तापलेली राहते. अण्णांची निम्मी हयात अशा इंजिनांत गेली. मग मिथेनॉल मिळणं अवघड झालं. कुठे विषारी दारूने माणसं मेली की मिथेनॉलचे कागद वाढतात. परवान्याचं विचारायला गेलेल्या अण्णांना खिडकीमागच्या माणसाने विचारलं, “दारूत घालायला पाहिजे काय?” ताडीचा थेंब न चाखलेला माणूस. घरी आले आणि अक्कांना म्हणाले, “यापुढे या घरात मिथेनॉल नाही. सगळी इंजिनं पेट्रोलवर.”

एका खिडकीवरचा राग हा माणूस पुढची कित्येक वर्षं कानसीने घासत बसला. मला त्यांचं पहिल्यांदा काही आवडलं असेल तर हे. आम्ही चळवळीतले लोक रागाची घोषणा करतो, आणि घोषणा संपली की चहा घेतो.

ग्लो इंजिन पेट्रोलवर आणणं म्हणजे नुसतं इंधन बदलणं नाही. ग्लो प्लग काढून अंगठ्याच्या पेराएवढा स्पार्क प्लग बसवायचा. पंख्यामागच्या चकतीत एक लोहचुंबक रोवायचा, म्हणजे ठिणगी नेमकी कधी पाडायची ते इग्निशनच्या डबीला कळतं. पेट्रोल मिथेनॉलच्या निम्म्याहून कमी लागतं, म्हणून कार्बोरेटरची सुई बदलायची. ठिणगीमुळे रेडिओ बिघडतो, म्हणून वायरीवर जाळी चढवायची. हे सगळं करून इंजिन जास्त तापतं ते वेगळंच. पण जमलं की त्याच टाकीत विमान दुपटीहून जास्त वेळ हवेत राहतं. अण्णांचं जमलेलं होतं. शहरातले रविवारी विमानं उडवणारे सगळे, आयटीतले पोरगेसुद्धा, परदेशातून मागवलेली इंजिनं पिशवीत घालून त्यांच्याकडे यायचे.

आलेल्याला अण्णा आधी खिडकीतली एक काचेची बाटली दाखवायचे. बाटलीत पेट्रोल आणि पेट्रोलात सिलिकॉनच्या नळीचा तुकडा. मिथेनॉलला ही नळी उत्तम. पेट्रोलात ती फुगते, मऊ पडते आणि कार्बोरेटरच्या टोकावरून निसटते. पेट्रोलवर येणारा प्रत्येक नवशिक्या जुनी नळी तशीच ठेवतो आणि विमान घालवतो. अण्णांच्या मते जगात याहून मोठा मूर्खपणा नव्हता. “आधी हे बघ,” ते म्हणायचे. “हे बघून कळलं तर आत ये. नाहीतर पतंग उडव.” ती बाटली आधी जेवणाच्या टेबलावर असायची. पाहुण्यांनी लोणचं समजून झाकण उघडल्यावर अक्कांनी ती खिडकीत हलवली.

पंपावर बाटलीत पेट्रोल देत नाहीत. त्यासाठी अण्णांनी एक जुनी स्कूटर ठेवलेली. ती स्कूटर घरापासून पंपापर्यंत जायची, टाकी भरून घरी यायची, आणि अण्णा नळीने तिचं सगळं पेट्रोल काढून घ्यायचे. परत पंपावर जाण्यापुरतं ठेवायचे. अक्का बाजाराला रिक्षाने जायच्या. “दारात गाडी आहे आणि मी रिक्षावाल्याशी भांडते,” त्या म्हणायच्या. “आमच्याकडे गाडी म्हणजे गाय. दूध काढायचं, बसायचं नाही.”

घरात नियम एकच होता. कुठलीही वस्तू नुसती ‘बंद पडली’ म्हणायचं नाही. अक्कांनी स्वयंपाकघरातून हाक दिली, “अहो, मिक्सर बंद पडला,” की वर्कशॉपमधून यायचं, “कशामुळे?”

“मला काय माहीत. चटणी अर्धी राहिलीय.”

“तो परिणाम झाला. कारण सांग.”

“कारण माझं नशीब. लिहून घ्या.”

“नशिबाने मिक्सर थांबत नाही. कार्बन ब्रश झिजला असेल.”

मलाही सूट नव्हती. मोर्चा फसला असं मी एकदा जिन्यात म्हटलं तर, “कशामुळे?”

“लोक आले नाहीत.”

“लोक आले नाहीत म्हणजेच मोर्चा फसला. एकच गोष्ट दोनदा सांगतेस. कशामुळे?”

मी चिडून वर गेले. जाताना मागून ऐकू आलं, “तुमचं सगळं ग्लो प्लगचं काम आहे. एकदा तापवलं की आपोआप चालेल वाटतं तुम्हाला. बॅटरी काढून घेता आणि भाषणाला जाता. आमचं तसं नाही. प्रत्येक फेऱ्याला ठिणगी पाहिजे.” हे मी नंतर एका पत्रकात वापरलं. त्यांना दाखवलं तर त्यांनी फक्त ग्लो प्लगचं वर्णन तपासलं.

चळवळीशी त्यांचं देणंघेणं नव्हतं, हे स्पष्टच सांगते. त्यांना आता कुणी तळ्यासाठी लढणारा वृद्ध करू पाहील तर ते खोटं आहे. तळं त्यांना विमान पडलं तर पोहून आणावं लागेल अशी जागा म्हणून माहीत होतं.

होसकोटेच्या पुढे एक मोकळं माळरान आहे. रविवारी विमानवाले तिथे जमतात. माळाच्या कडेने एका कारखान्याची उंच भिंत, आणि कारखान्याच्या पलीकडच्या अंगाला तळं. तळ्यावर फेस येतो. काठाला कोथिंबीर लावणारी एक बाई आमच्या गल्लीतून बाजारात जायची. तिच्या जुड्यांना औषधाचा वास येतो म्हणून गिऱ्हाईक हातात घेऊन परत ठेवायचं. मला हे प्रकरण तिच्यामुळे कळलं. आम्ही तक्रारी केल्या. प्रदूषण खात्याचे साहेब आले, काठावर रुमाल नाकाला लावून उभे राहिले आणि म्हणाले, पाइप कुठेय दाखवा. पाइपचं तोंड भिंतीच्या आत, जिथून एक चर जमिनीखालून तळ्यात जातो. आत आम्हाला सोडत नव्हते. पाइपचा एक फोटो, एवढंच आम्हाला पाहिजे होतं. तो मिळाला असता तर साहेबांना रुमाल काढून बोलावं लागलं असतं.

विमानाची कल्पना आमच्या समितीच्या वकिलांची. ड्रोन नको, त्याला नोंदणी लागते, नंबर सापडतो. खेळण्यातल्या विमानाला कोण विचारतो, असं ते म्हणाले. अण्णा आधी ‘खेळण्यातलं’ या शब्दावरच अडले. मग वकील म्हणाले की माळावरून उडून, भिंतीवरून जाऊन, बराच वेळ हळूहळू घिरट्या घालून परत येईल असं विमान शहरात फक्त तुमच्याकडे आहे असं ऐकतो. झालं. अण्णांना तळ्याचं नाव सांगावं लागलं नाही.

एकच भांडण झालं, पंखावरच्या नावाचं. विमान उडवणाऱ्यांची ही जुनी रीत. विमान कधी वाऱ्याबरोबर निघून जातं, कोसभर लांब कुणाच्या शेतात पडतं. ज्याला सापडेल त्याने परत करावं म्हणून नाव-पत्ता लिहितात. अण्णांच्या पंखावर खाली कानडीत आणि मराठीतही लिहिलेलं होतं, ‘कृपया घरी पोचवा.’ मराठी कोण वाचणार विचारलं तर म्हणाले, “विमान वाचेल.”

वकील टेपची गुंडाळी घेऊन आले होते. “अण्णा, आजच्यापुरतं झाकूया स्वल्प.”

“का?”

“पडलंच चुकून, तर कुणाचं ते कळू नये.”

“पडलं तर कुणाचं ते कळायला नको?” अण्णांनी त्यांच्याकडे नीट बघितलं. “साहेब, नाव नसलेलं विमान म्हणजे भिरकावलेला धोंडा. कुणाच्या डोक्यात पडला तर मी काय, पळून जाऊ?”

टेप लागली नाही. त्या टेपने कॅमेरा पंखाखाली चिकटवला.

सकाळ स्वच्छ होती. विमान भिंतीवरून गेलं तेव्हा अण्णांच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं, ते फक्त ऐकत होते. ते विमान डोळ्यांनी उडवायचे नाहीत. डोकं एका अंगाला कललेलं, जीभ दातांखाली. दोन घिरट्या झाल्या. वकील त्यांच्या खांद्याशी उभे.

“अजून खाली घ्या अण्णा. पाइपचं तोंड दिसलं पाहिजे.”

“खाली भिंतीमुळे वारा फिरतो.”

“एकदाच. एवढ्या हळू चालेल ना तुमचं इंजिन? का बंद पडेल?”

बंद पडेल का, असं विचारलं त्यांनी. अण्णांनी थ्रॉटल कमी केला. इंजिन शिवणयंत्रासारखं टकटक करत राहिलं. “ग्लो असतं तर एव्हाना गेलं असतं,” ते मला म्हणाले, वकिलांना नाही. विमान भिंतीआड झालं. अण्णांनी वर घ्यायला इंजिन वाढवलं, आवाज चढला, चांगला चढला, आणि त्या चढत्या आवाजातच तडकन काहीतरी तुटल्याचं ऐकू आलं. मग शांत.

आत दिव्याचा एक खांब होता आणि खांबाला ताण दिलेली तार. नंतर बाहेरून दुर्बिणीने बघितली तेव्हा दिसली. उडवताना ती कुणालाच दिसली नव्हती.

आवाज शेवटपर्यंत चालू होता. मी तिथे उभी होते. हे वाक्य मी समितीच्या बैठकीत तीन वेळा म्हटलंय, आणि वकिलांनी मला विचारलंय, “तुला इंजिनातलं काय कळतं?” इंजिनातलं नसेल कळत. कान आहेत.

दुपारी अण्णांचा फोन वाजला. पंखावरचाच नंबर. ज्याला सापडलं त्याने घरी पोचवायच्या ऐवजी पोलिसांत पोचवलं होतं.

स्टेशनात विमान एका कपाटावर ठेवलेलं, जप्त केलेल्या सायकलींच्या आणि एका मोठ्या घंटेच्या शेजारी. एक पंख मोडलेला. कॅमेरा नव्हता. त्या जागी टेपचा चौकोन तेवढा होता. मी कॅमेऱ्याबद्दल विचारलं तर इन्स्पेक्टर म्हणाले, कंपनीने दिलं ते एवढंच. कुठला कॅमेरा? कॅमेरा कशाला लावला होता? वकिलांनी माझी बाही ओढली.

अण्णा कपाटाशी गेले होते. ते मोडक्या पंखाकडे बघत नव्हते. त्यांनी पुढचा पंखा हळूच फिरवला, बोटाने दाबून बघितला, आणि एकदम उजळले. “सर, इकडे या स्वल्प. बघा. दोन्ही पाती टोकाला तुटलीत.”

“मग?”

“इंजिन थांबलेलं असतं तर पंखा उभा राहिला असता, लागलंच तर एक पातं तुटलं असतं. दोन्ही तुटली म्हणजे फिरत होता. जोरात फिरत होता. इंजिन शेवटपर्यंत चालू होतं.”

इन्स्पेक्टर उठून आले. त्यांनीही पंखा बघितला. मग शांतपणे विचारलं, “म्हणजे विमान तुमच्या ताब्यात होतं. तुम्ही ते मुद्दाम आत नेलंत.”

आयुष्यात कौतुकाने बघावं अशी एक गोष्ट दाखवायला गेले आणि तीच त्यांच्यावर उलटली. वकिलांनी कपाळाला हात लावला. अण्णांना मात्र त्यातलं काही लागलंच नाही. निघताना त्यांनी खिशातून तेलाची कुपी काढली आणि परवानगी मागितली. कार्बोरेटरमध्ये दोन थेंब घालतो, पंखा चार वेळा फिरवतो, नाहीतर आत गंज चढेल. इन्स्पेक्टरांनी दिली. पुढे ते दर आठवड्याला दोन बस बदलून तेवढ्यासाठी जायचे. तिथला हवालदार त्यांना बघितलं की कपाटाखाली स्टूल सरकवून ठेवायचा.

गुन्हा दाखल झाला नव्हता, तक्रार लटकत होती. कंपनीचा माणूस आणि आमचे वकील यांनी बसून तोडगा काढला. हे दोघे एका टेबलावर कधी बसले ते आम्हाला कुणी सांगितलं नाही. तोडगा असा: अण्णांनी एक जबाब लिहून द्यायचा. मी छंद म्हणून विमान उडवत होतो, इंजिन अचानक बंद पडल्याने ते भिंतीच्या आत पडलं, कुणी सांगितलं नव्हतं, कुठला हेतू नव्हता. मग कंपनी तक्रार सोडून देणार. वकील सुटणार, कारण ‘अजून खाली घ्या’ असं कुणी म्हणालंच नाही. कंपनी सुटणार, कारण कॅमेराच नव्हता. सगळ्यांचं भलं.

वकील जबाब टाइप करून घरी घेऊन आले. अक्कांनी कॉफी दिली. अण्णांनी चष्मा लावून वाचलं आणि विचारलं, “कशामुळे?”

“काय कशामुळे?”

“इंजिन बंद पडलं लिहिलंय. कशामुळे?”

“तांत्रिक कारणामुळे म्हणून लिहू.”

“तांत्रिक कारण असं कारण नसतं. पेट्रोल आलं नाही, ठिणगी पडली नाही, का कॉम्प्रेशन गेलं? तीनातलं एक सांगा.”

“अण्णा, कुणी तपासणार नाहीये.”

“मी तपासलंय. बाकी सगळ्यावर सही करतो. कुणी सांगितलं नव्हतं, लिहा. हेतू नव्हता, लिहा. म्हातारा वेडा आहे लिहायचं तर तेही लिहा. इंजिन चालू होतं.”

“अहो, एका वाक्याचा प्रश्न आहे.”

“तेवढंच वाक्य माझं आहे,” अण्णा म्हणाले. “बाकीची तुमची आहेत.”

वकील बाहेर पडताना मला म्हणाले, “ही इज इम्पॉसिबल. असल्या लोकांमुळे चळवळी बुडतात.” मी त्यांना म्हटलं की सर, जबाबात खरं लिहा. तुम्ही सांगितलंत, विमान खाली आलं, तारेला अडकलं, आत पाइप आहे, कॅमेरा यांनी काढून घेतला. चला, मी सही करते साक्षीदार म्हणून. ते हसले. माझ्या वयाचा उल्लेख केला. पुढच्या आठवड्यात पत्रक निघालं: ‘एका अज्ञात ड्रोनचालकाच्या बेजबाबदार कृत्याशी समितीचा काहीही संबंध नाही.’ छान जाड कागद होता. आमच्या पत्रकांना एवढा जाड कागद आधी कधी मिळाला नव्हता.

अण्णांनी ते कोथिंबिरीच्या जुडीभोवती गुंडाळलेलं वाचलं. त्या बाईनेच आणून दिली होती, पैसे न घेता. ‘बेजबाबदार’वरून त्यांची नजर सरळ पुढे गेली. “ड्रोन?” ते म्हणाले. “मॅडम, ड्रोन म्हणाले मला हे?” दिवसभर जेवले नाहीत. ड्रोनला इंजिन नसतं.

हे असंच चाललं असतं. अण्णांना घाई नव्हती, तेलाच्या कुपीत तेल होतं. पण त्यांची मुलगी कॅनडात, तिचं बाळंतपण जवळ आलेलं. अक्कांना जायचं होतं, आणि अक्का एकट्या जाणार नव्हत्या. विमानात बसायची त्यांना भीती होती. अण्णा शेजारी बसून प्रत्येक आवाज कसला ते सांगणार असतील तरच त्या चढणार होत्या. अण्णांचा पासपोर्ट संपलेला. पोलीस तपासणीला आलेला माणूस चांगला होता. म्हणाला, तुमच्या नावावर तक्रार पेंडिंग दिसते, मी काय लिहू तुम्हीच सांगा.

त्या संध्याकाळी मी खालीच होते. अक्का तांदूळ निवडत होत्या. अण्णा समोर बसून कार्बोरेटरची एक सुई घासत होते.

“अहो,” अक्का म्हणाल्या, “लग्न झाल्यापासून तुम्ही मला विचारता. मिक्सर थांबला, कशामुळे. दूध नासलं, कशामुळे. मी उत्तर देते का नाही?”

“देतेस.”

“आज मी विचारते. माझ्या पोरीला दिवस भरत आलेत आणि मी इथे तांदूळ निवडत बसलेय. कशामुळे?”

अण्णांचा हात थांबला. तीनातलं एक सांगा, असं त्या म्हणाल्या नाहीत. गरज नव्हती. त्यांनी ती सुई डबीत ठेवली. मग म्हणाले, “सरी, ठीक आहे. उद्या जातो.”

मीही गेले. वकील आलेच होते, कंपनीचा माणूसही. टाइप केलेला जबाब टेबलावर. अण्णांनी तो बाजूला सारला आणि कोरा कागद मागितला. कानडीत, स्वतःच्या हाताने, सगळं वकिलांचंच उतरवलं. इंजिन बंद पडल्याने, इथवर आले आणि थांबले. मला वाटलं उठतील. ते उठले नाहीत. कारण लिहिल्याशिवाय त्यांना पुढे जाताच येत नव्हतं. आणि खरं कारण नव्हतंच, तेव्हा त्यांनी एक बनवलं. इंजिन बंद पडल्याने, आणि पुढे: ‘मी पेट्रोलच्या इंजिनाला सिलिकॉनची नळी लावली होती. ती फुगून निसटली.’

इंजिनात काही गेलं, ठिणगी हुकली, असं कितीतरी लिहिता आलं असतं. त्यांनी खिडकीतल्या बाटलीतली नळी लिहिली. का, ते मी त्यांना कधी विचारलं नाही. खोटंच बोलायचं तर आपल्या हाताचा दोष सांगावा, इंजिनाचा नको, असं काहीतरी असावं. सही केली. पेन टोपण लावून परत दिलं.

वकिलांनी वाचलं आणि मान डोलावली. “बेस्ट. असा डिटेल असला की खरं वाटतं.”

विमान त्याच दिवशी मिळालं. जबाबाचा फोटो कुणी काढला माहीत नाही, पण दोन दिवसांत तो विमानवाल्यांच्या ग्रुपवर होता. अण्णांना स्मार्टफोन नाही. मला एका पोराने दाखवला. खाली हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग. एकाने लिहिलेलं, आम्हाला बाटली दाखवायचे, स्वतःच नळी लावली. अण्णांनीच बसवलेलं इंजिन उडवणारा पोरगा होता तो. मी तिथे खरं लिहिलं, लांबलचक लिहिलं. उत्तर आलं: मॅडम, यात राजकारण आणू नका.

त्या रविवारी अण्णा माळावर गेले. विमान नेलं नव्हतं, नुसतेच गेले. लवकर परत आले. काय झालं ते सांगितलं नाही. खिडकीतली बाटली मात्र काढून टाकली, पेट्रोल स्कूटरमध्ये ओतलं. दुसऱ्या दिवशी अक्का स्कूटरच्या मागे बसून बाजाराला गेल्या. गल्लीतल्या लोकांनी बघितलं आणि कौतुक केलं. अक्का हसल्या नाहीत.

समितीत मी आता नाही. पाइप आहे. फेस आहे. कोथिंबीरवाली बाई अजून गल्लीतून जाते आणि मला विचारते, फोटो निघाला होता का ओ? मी तिला सांगते, निघाला होता. वकील आता टीव्हीवर तळ्यांविषयी बोलतात. ‘आम्ही जीव धोक्यात घालून हवाई पाहणी केली,’ असंही एकदा म्हणाले. मोडका पंखा मी अण्णांच्या भंगाराच्या डब्यातून उचलून वर आणून ठेवलाय. दोन्ही पाती टोकाला तुटलेली. ज्यांना हसायचंय त्यांनी येऊन बघावा आणि मग हसावं. जिन्याचं दार उघडं असतं.

अण्णा-अक्का कॅनडाला जाऊन आले. नातू झाला. अक्कांनी माझ्यासाठी चॉकलेटं आणली आणि प्रवासाचं सगळं सांगितलं. ढग, जेवण, शेजारचं रडकं पोर. मग हळूच म्हणाल्या, “किती आवाज येत होते ग विमानात. खालून धडधड, मध्येच शिट्टी. मी यांचा हात धरून बसले. यांनी एकदाही सांगितलं नाही कसला आवाज ते.”

परवा सकाळी नळाला पाणी नव्हतं, संपमधलं, म्हणजे जमिनीखालच्या टाकीतलं, पाणी वर चढलंच नव्हतं. मी खाली गेले. अण्णा वर्कशॉपच्या दारात खुर्ची टाकून पेपर वाचत होते. मागे टेबलावर कपडा टाकलेला.

“अण्णा,” मी म्हटलं, “संपची मोटर बंद पडली.”

त्यांनी पेपरातून वर बघितलं. मी थांबले. मुद्दाम थांबले.

“सरी,” ते म्हणाले. “इलेक्ट्रिशियनला फोन कर.” आणि पान उलटलं.